वाचून दाखवलं, बरोबर आहे

जुन्या जबाबांच्या आणि पंचनाम्यांच्या शेवटी एक ओळ हमखास असते. ‘सदर जबाब मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.’ खाली सही, नाहीतर डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी. अंगठा असला की शेजारी नाव लिहिणाऱ्याचा दस्तूर. माझे वडील, अण्णा, तहसील कचेरीच्या आवारात बसून अर्ज लिहायचे. साध्या अर्जाला ही ओळ लागतच नाही. तरी अण्णा ती लिहायचे, आणि त्याआधी अख्खा अर्ज खरोखरच वाचून दाखवायचे. समोरच्या बाईची एसटी सुटायच्या बेतात असली तरी तिला बसवून ठेवायचे. अर्जाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात स्वतःचं नावही घालायचे, म्हणजे पुढे कुणी विचारलं तर लिहिणारा कोण ते कळावं.

हल्ली ही ओळ मला वारंवार आठवते, कारण अर्ज लिहिणारं आता माणूसच असेल असं राहिलेलं नाही.

देवगड तालुक्यात माझं सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, सातबारा, आठ-अ, पीक विमा, पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले, मच्छीमारांचे कागद, सगळं इथे येतं. समोर दोन खुर्च्या, एक प्रिंटर, एक स्कॅनर, पावसाळ्यात वीज गेली की चालणारा इन्व्हर्टर. एआयची भाषेची यंत्रं आली तेव्हापासून मी ती वापरते आहे आणि पुढेही वापरणार आहे. एवढं आधीच सांगते, कारण पुढे जे लिहिलंय ते वाचून कुणाला वाटेल की ही बाई यंत्राच्या विरोधात आहे. मी यंत्राच्या बाजूची आहे. म्हणून तर ते नीट वापरलं जावं, अशी माझी तळमळ आहे.

गेल्या पावसाळ्यात जोराचा वारा सुटला होता, त्यानंतरची गोष्ट. जवळच्याच एका वाडीतल्या काकी छापील अर्ज घेऊन आल्या. भाचा विरारला असतो. त्याने फोनवर काकींकडून हकिकत ऐकली, मोबाइलवरच्या एआयला सांगितली, त्याने अर्ज तयार केला, भाच्याने व्हॉट्सॲपवर पाठवला आणि शेजारच्या मुलाने प्रिंट काढून दिली. काकींना फक्त तो तहसीलमध्ये द्यायचा होता. पाकिटासाठी माझ्याकडे आल्या. अर्ज दिसायला फार सुबक होता. विषय, संदर्भ, महोदय, परिच्छेद, ‘आपली विश्वासू’, सगळं जागच्या जागी.

सवयीने मी म्हटलं, “काकी, काय लिवलंय ता वाचून दाखवतंय, ऐका.”

‘सदर वादळी वाऱ्यामुळे माझ्या राहत्या घराचे संपूर्ण छप्पर उडून गेले असून, माझ्या उपजीविकेचे एकमेव साधन असलेली नारळाची बाग पूर्णतः उद्ध्वस्त झाली आहे. सदर बाब मी तत्काळ तलाठी कार्यालयास लेखी कळविली होती...’

“थांब गो बाय,” काकी म्हणाल्या. “सगळां छप्पर खंय उडालां? पडवीची कौलां गेली. आणि बाग खंयची? दोन माड पडले ते गोठ्यार. तलाठ्याक मी काय एक कळवूक नाय. पाटलाक सांगलंय, तो येवन बघून गेलो.”

मग जरा वेळाने, कागदाकडे बघत, “माज्या नावान खोटां कित्याक लिवलां?”

भाच्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याने सांगितलेलं खरंच होतं. यंत्राने ते अर्जाच्या साच्यात ओतलं आणि साच्यात ज्या जागा मोकळ्या दिसल्या त्या भरून टाकल्या. ‘तत्काळ कळविले’ हे वाक्य नुकसानभरपाईच्या शेकडो अर्जांत असतं, म्हणून इथेही आलं. पण काकींच्या बाबतीत ते खोटं होतं, आणि तलाठ्याच्या दप्तरात तशी नोंद नाही म्हटल्यावर अडचणीत कोण येणार होतं? ज्या बाईने हा अर्ज कधी वाचलाच नाही, तीच. उलट जी खरी आणि उपयोगाची गोष्ट होती, पोलीस पाटील स्वतः येऊन पाहून गेले, ती अर्जात कुठेच नव्हती. आम्ही तो अर्ज पुन्हा केला. पडवीची कौलं, दोन माड, गोठ्याचं मोडलेलं आढं, पाटलांनी पाहिल्याची तारीख. अर्ज अर्ध्यावर आला. काकींनी ऐकला, मान डोलावली आणि अंगठा उठवला.

आणखी एक गोष्ट त्या छापील अर्जात होती. ‘संदर्भ’ म्हणून एका शासन निर्णयाचा क्रमांक आणि तारीख दिली होती. शासन निर्णयाच्या शेवटच्या परिच्छेदात ठरलेलं वाक्य असतं, की हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे. तो लांबलचक आकडा किंवा तारीख टाकली की निर्णय सापडतो. मी तारीख टाकली, विभाग टाकला, विषय टाकला. त्या तारखेला तसा निर्णय नव्हता. यंत्राने तो रचला होता, आणि रचताना महसूल विभागाची धाटणी इतकी हुबेहूब साधली होती की कचेरीतल्या मुरलेल्या माणसालाही पहिल्या नजरेत संशय आला नसता.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. न्यूयॉर्कमध्ये 2023 साली एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी कोर्टात जे निवाडे दाखवले, त्यांतले अनेक निवाडे कधी झालेच नव्हते. चॅटजीपीटीने ते रचून दिले होते. त्या वर्षीच्या जूनमध्ये न्यायाधीशांनी 5,000 डॉलर दंड केला. शिकलेले वकील होते, कोर्टाचं ग्रंथालय हाताशी होतं. त्यांनी तपासलं नाही, तर आमच्या वाडीतली सातवी शिकलेली बाई काय तपासणार?

ही यंत्रं वाक्य कसं बांधतात ते लोकांना सोप्या शब्दांत सांगायला हवं, असं मला फार वाटतं. आतापर्यंतच्या शब्दांपुढे कुठला शब्द येण्याचा संभव जास्त, याचा हिशेब करत ती एकेक तुकडा जोडत जातात. हिशेब अफाट लेखनावरून शिकलेला असतो, म्हणून वाक्य डौलदार येतं. पण वाक्य डौलदार असणं आणि खरं असणं यांचा एकमेकांशी संबंध नसतो. ज्याला लिहिता येत नाही त्याला डौलदार मराठीचा दबदबा वाटतो. ‘सदरहू’, ‘उपरोक्त’, ‘अन्वये’ दिसलं की माणूस गप्प होतो. ही मराठी सरकारी कागदांतून, वर्तमानपत्रांतून भरपूर उपलब्ध आहे, म्हणून यंत्राला ती सहज येते. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटींवर लोक होते, पण त्यांच्यातले किती जण असं बोलतात? काकींची मालवणी यंत्राच्या वाट्याला फारशी आलेलीच नाही. माझ्या फोनवर त्यांनी बोलून मजकूर भरायचा प्रयत्न केला, तर यंत्राने त्यांचं बोलणं आपल्या माहितीतल्या मराठीकडे ओढून नेलं, आणि जिथे ऐकू आलं नाही तिथे अंदाजाने शब्द घातले. म्हणून आता काकी मला सांगतात आणि मी फोनला सांगते.

केंद्र सरकारने 2022 च्या जुलैत ‘भाषिणी’ सुरू केली. देशातल्या भाषांमध्ये भाषांतर आणि आवाजाची सोय व्हावी, म्हणून. तिच्यात ‘भाषादान’ नावाचा भाग आहे. आपण आपला आवाज आणि वाक्यं देऊ शकतो. चांगली गोष्ट आहे. आमच्याकडची कॉलेजची मुलं यात पडली तर मला आवडेल, मात्र ज्यांचा आवाज घ्यायचा त्या म्हाताऱ्या माणसांना तो कशासाठी घेतोय, कुठे जाणार, हे समजावून मगच.

आता यंत्राचा मला खरा उपयोग कुठे होतो ते सांगते. लोक अर्ज लिहून घ्यायला येतात त्याहून जास्त कागद समजून घ्यायला येतात. बँकेचं इंग्रजी पत्र, विम्याचं हिंदी पत्र, तहसीलची नोटीस. घरात नोटीस आली की जेवण जात नाही, इतकी धास्ती असते. पूर्वी नोटीस घेऊन माणूस चार ठिकाणी फिरायचा आणि चार वेगळे अर्थ घेऊन घरी यायचा. आता मी नावं आणि नंबर झाकून मजकूर यंत्राला देते आणि सांगते, हे सोप्या मराठीत सांग, यात काय करायला सांगितलंय, कुठल्या तारखेपर्यंत, आणि नाही केलं तर काय होईल. बहुतेक वेळा ते नेमकं सांगतं. मग मूळ नोटीस आणि हा सोपा मजकूर शेजारी ठेवून तारीख आणि कलम मी स्वतः ताडून बघते. ज्या माणसाला वाटत होतं की घरच जाणार, त्याला कळतं की कागदपत्रं घेऊन सुनावणीला हजर राहायचंय एवढंच. त्याचा चेहरा सैल झालेला बघितला की हे यंत्र आपल्या भाषेत आलं याचं मला मनापासून समाधान वाटतं.

आंबा बागायतदारांच्या विम्याचंही तसंच. हवामानावर आधारित फळपीक विम्यात नुकसान झाडावर जाऊन मोजत नाहीत. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर किती तापमान नोंदलं गेलं, अवेळी पाऊस किती पडला, कुठल्या तारखांच्या दरम्यान, यावर भरपाई ठरते. शासन निर्णयात त्याचा तक्ता असतो आणि तो वाचणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. यंत्र तो तक्ता वाक्यांत उलगडून देतं. पण एकदा त्याने दोन ओळींमधल्या तारखांची अदलाबदल केली होती. वाक्य अगदी सरळ होतं, शंका यावी असं त्यात काही नव्हतं. बागायतदार स्वतः समोर होते, आंब्याचा मोहर कधी आणि फळ कधी हे त्यांना माझ्याहून चांगलं कळतं, त्यांनीच थांबवलं. तेव्हापासून आकडा आला की बोट मूळ कागदावर ठेवायचं, हा आमच्या केंद्रातला नियम आहे.

सातबाराच्या बाबतीत तर मी यंत्राला सारांश सांगायला सांगतच नाही. कोकणातला सातबारा ज्याने पाहिलाय त्याला कारण कळेल. काही गुंठ्यांचं क्षेत्र, त्यावर तीन पिढ्यांची सामाईक नावं, त्यातले कित्येक वारलेले, कित्येक मुंबईला, वारस तपास झालेला नाही. एका बाजूला ‘इतर हक्क’ म्हणून रकाना असतो. कुळाचं नाव, बोजा, विहिरीतला हिस्सा, वाट, हे सगळं तिथे. ज्या घराने पिढ्यानपिढ्या जमीन कसली, पण 1 एप्रिल 1957 नंतरही ज्याची 32 ग ची किंमत, म्हणजे कुळकायद्याने कुळाने जमीन विकत घेण्याची किंमत, ठरवायची राहून गेली, त्याचं नाव जमिनीच्या कागदावर असलंच तर त्या रकान्यात एका ओळीपुरतं असतं. मी चाचणीसाठी नावं बदलून एक सातबारा यंत्राला दिला. त्याने मालक कोण, क्षेत्र किती, आकार किती, हे झकास सांगितलं. इतर हक्कांबद्दल म्हणालं, ‘काही किरकोळ नोंदी आहेत.’ त्या किरकोळ नोंदीवर एका घराची चूल आहे.

नावं बदलून, नंबर झाकून, असं मी सारखं म्हणते आहे. त्याबद्दल थोडं. लोक आधार कार्डाचा, पासबुकाचा, दवाखान्याच्या रिपोर्टचा फोटो सरळ फुकटच्या ॲपवर चढवतात आणि विचारतात, यात काय लिहिलंय. आधारच्या संकेतस्थळावर पहिले आठ आकडे झाकलेलं कार्ड मिळतं, ते वापरा, असं मी प्रत्येकाला सांगते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये संसदेने केला. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने 2025 च्या जानेवारीत आपल्या कर्मचाऱ्यांना कचेरीच्या संगणकांवर असली एआय साधनं वापरू नका असं कळवलं, कारण सरकारी कागद बाहेर जाण्याची भीती. दिल्लीच्या मंत्रालयाला जी काळजी वाटते, ती गावातल्या बाईच्या रिपोर्टबद्दल आपण का करू नये? आमच्याकडे तर कुणाला कुठला आजार आहे हे एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जायला एक दिवसही लागत नाही.

हे झालं माझ्या टेबलाच्या अलीकडचं. पलीकडे सरकार बसलंय, आणि तिकडेही यंत्र आलंय. 2025 साली आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याने ‘मार्व्हल’ या राज्य सरकारच्या कंपनीच्या मदतीने प्रशासनात एआय आणलं, आणि असं करणारा देशातला पहिला जिल्हा म्हणून त्याच्या बातम्या झाल्या. शेतकऱ्यांसाठी राज्याचं ‘महाविस्तार’ ॲप मराठीत प्रश्नांची उत्तरं देतं. सरकारी सेवा व्हॉट्सॲपवर याव्यात म्हणून 2025 च्या फेब्रुवारीत मेटा कंपनीशी करार झाला. मला याचा अभिमान वाटतो. एका तलाठ्याकडे अनेक गावं, रस्ते असे, पावसाळा असा, तिथे कागद लवकर हलत असेल तर कुणाला नकोय? पण हे सगळं उभं राहत असतानाच काही गोष्टी ठरवून टाकायला हव्यात. नंतर ठरवायला गेलं की सवय बसलेली असते.

पहिली गोष्ट, उत्तर चुकलं तर ते कुणाचं? कॅनडात एका माणसाची आजी वारली. तिकडे जाण्यासाठी त्याने विमान कंपनीच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटला सवलतीबद्दल विचारलं. बॉटने सांगितलं, आता तिकीट काढा, सवलत नंतर मागता येईल. कंपनीचा नियम उलटा होता. पैसे नाकारताना कंपनी म्हणाली की चॅटबॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे. ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने 2024 च्या फेब्रुवारीत हे साफ फेटाळलं आणि कंपनीला पैसे द्यायला लावले. न्यूयॉर्क शहराने 2023 मध्ये व्यावसायिकांसाठी सरकारी चॅटबॉट काढला. मार्च 2024 मध्ये पत्रकारांनी दाखवून दिलं की तो मालकांना कामगारांच्या टिपमधला वाटा घ्यायला हरकत नाही असं सांगतो आहे, जे कायद्याने चालत नाही. शहराचं नाव आणि शहराचा शिक्का असलेल्या पानावरून हे उत्तर येत होतं. आमच्याकडे व्हॉट्सॲपवर ‘तुम्ही या योजनेस पात्र नाही’ असं उत्तर आलं, तर माणूस दुसऱ्यांदा विचारणार नाही. तो गप घरी जाईल. कुठल्या तक्रारींच्या आकड्यात तो दिसणारही नाही. मला सगळ्यांत जास्त काळजी या माणसाची वाटते.

आपल्याकडे यासाठी कायदा आधीच आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015. अधिसूचित सेवेचा अर्ज नाकारायचा तर अधिकाऱ्याने कारण लेखी द्यायचं, अपील कुणाकडे करायचं ते सांगायचं. हा कायदा करताना कुणाच्या डोळ्यांपुढे एआय नव्हतं, पण तो इथे तंतोतंत लागू पडतो. यंत्राने सांगितलेलं ‘पात्र नाही’ हा नकार असेल, तर त्याखाली अधिकाऱ्याचं नाव, कारण आणि अपिलाची वाट हवी. नसेल, तर ‘ही फक्त माहिती आहे, अर्ज करण्याचा तुमचा हक्क कायम आहे’ असं त्याच उत्तरात मोठ्या अक्षरात हवं. केरळ उच्च न्यायालयाने 2025 च्या जुलैत जिल्हा न्यायालयांसाठी धोरण काढलं. निकालापर्यंत पोचायला एआय वापरायचं नाही, आणि यंत्राने केलेलं भाषांतर जाणकाराने तपासायचं. कोर्टाला जे कळतं ते कचेरीला कळायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट चौकटीत न बसणाऱ्या अर्जांची. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर आलं आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. भरपाई हेक्टरी होती. कोकणात वाडी गुंठ्यांत असते. एकाच गुंठ्यात माड, पोफळ, त्यावर मिरीचे वेल, खाली केळ आणि जायफळ. हेक्टरी हिशेबाने हातात येणारी रक्कम पडलेली झाडं तोडून उचलायलाही पुरणारी नव्हती. लोकांनी ओरड केली, लोकप्रतिनिधींनी लावून धरलं, आणि नारळ-सुपारीसाठी झाडामागे मदत देण्याचा निर्णय झाला. आता विचार करा, त्या पहिल्या तक्रारी आज यंत्राने वाचून त्यांची वर्गवारी केली असती तर? ‘भरपाई अपुरी असल्याची तक्रार’ या एका खान्यात सगळ्या गेल्या असत्या. मोजण्याची पद्धतच इथे चुकते आहे, हे त्या अर्जांत वेगवेगळ्या तोंडाने, वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलेलं होतं, आणि ते कळायला कुणीतरी अख्खा अर्ज वाचावा लागतो. यंत्राने रोजच्या ढिगातले एकसारखे अर्ज जरूर वेगळे काढावेत. जो अर्ज कुठल्याच खान्यात बसत नाही तो मात्र सर्वांत आधी माणसाच्या टेबलावर जावा. आज बहुतेक ठिकाणी असा अर्ज सर्वांत शेवटी उघडला जातो.

समुद्राबद्दल तर बोलायलाच नको. बंदरात धोक्याच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की काय करायचं हे आमच्या खारव्यांना, गाबतांना कुणी शिकवावं लागत नाही. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडून मासळीच्या जागांचे सल्ले आणि समुद्राचे इशारे मराठीतही येतात. यंत्राने ते आवाजात वाचून दाखवले तर होडीवरच्या माणसाला सोयीचं आहे. फक्त वाचावेत. छोटे करू नयेत, सोपे करू नयेत, वाऱ्याचा वेग आणि वेळ याला हात लावू नये.

कचेरीतल्या कारकुनांची बाजूही मांडायला हवी. माझी एक मैत्रीण एका कचेरीत लिपिक आहे. ती सांगते, मसुदे यंत्राने होऊ लागले तसा साहेबांनी रोजचा कोटा वाढवला. पूर्वी मसुदा करायला जो वेळ लागायचा तो गेला, पण मसुदा तपासायचा वेळ कुणी धरलेलाच नाही. सही मात्र तिची. चुकलं तर कारणे दाखवा नोटीस तिला. यंत्राने वाचवलेला वेळ तपासणीला आणि समोरच्या माणसाशी बोलायला दिला, तरच ते यंत्र जबाबदारीने वापरलं असं मी म्हणेन. तो सगळा वेळ नव्या फायलींनी भरून काढला, की तपासणी नावापुरती राहते. हा दोष ना तिचा, ना यंत्राचा. ज्याने कोटा ठरवला त्याने हे बघायचं आहे.

तालुक्यातल्या सेवा केंद्रवाल्यांपुढे आणि ग्रामसभेपुढे ठेवण्यासाठी मी सध्या एक टिपण तयार करते आहे. यंत्राने लिहिलेल्या अर्जाच्या खाली तसं नमूद करावं आणि केंद्र चालवणाऱ्याचं नाव असावं. अर्जदाराला तो त्याच्या बोलीत वाचून दाखवावा. कचेरीतून जाणाऱ्या यंत्राच्या उत्तराखाली एका जिवंत माणसाचं नाव आणि कचेरीचा फोन असावा. एवढ्यावर फारसा वाद नाही. वाद आहे तो वेळेवर. दुसऱ्या एका केंद्रवाल्या दादांचं म्हणणं, शाळा-कॉलेजच्या प्रवेशाच्या दिवसांत दारात रांग असते, प्रत्येक कागद वाचून दाखवायला बसलो तर रात्र होईल. त्यांचं खरं आहे. उत्पन्नाच्या दाखल्याच्या ठरलेल्या अर्जाला ते नको. रहिवासी दाखल्याला नको. पण नुकसानभरपाई, वारस नोंद, वाटणी, कुळाचा अर्ज, पोलिसात द्यायची तक्रार, कर्जाचं हमीपत्र, यांना हवं. यादी कुठे थांबवायची यावर आमचं अजून एकमत नाही.

एका कागदावर मात्र मी अडून बसले आहे, हक्कसोडपत्र. मे महिन्यात नाहीतर गणपतीत सगळी भावंडं गावी जमतात, आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणींकडून वडिलोपार्जित जमिनीवरचा हक्क सोडून घेतात. पूर्वी मसुदा करायला वकिलाकडे जावं लागायचं, त्यात निदान एक तिऱ्हाईत माणूस मध्ये यायचा. आता मसुदा मोबाइलवर निघतो, त्यात ‘स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय, समजून उमजून’ हे शब्द यंत्र आपणहून घालून देतं, आणि जेवणं झाल्यावर ओटीवर सह्या होतात. पुढे निबंधकाकडे नोंदणीच्या वेळी ‘मान्य आहे ना’ असं विचारतात, पण तोवर भाऊ शेजारी उभा असतो आणि बहीण ‘हो’ म्हणते. टिपणात मी लिहिलंय, की हक्कसोडपत्राचा मसुदा आमच्या कुठल्याही केंद्रात छपाईला आला, तर सही करणारीला एकटीला बसवून तो पूर्ण वाचून दाखवायचा, कुठल्या सर्व्हे नंबरातला किती हिस्सा जातोय हे सातबारा पुढे ठेवून दाखवायचं, आणि वाचणारं माणूस तिच्या माहेरचं किंवा सासरचं नसावं.